ट्रॅकवर न्यायची बेताच्या बजेटची गाडी: इंजिनात काय बदलावं, काय बदलू नये

२०२५मध्ये पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल (म्हणजे ई२०) मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने गाठलं. ते मुळात २०३०साठी ठरलेलं होतं. तेव्हापासून रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, कुठल्याही गॅरेजात बसा, बोलणं इंजिनावर येतंच: मायलेज पडलं, आता ट्यूनिंग करून घ्यावं का? आणि तिथे पंचविशीतली चार पोरं असतील तर पुढचा प्रश्न ठरलेला. जुनी स्विफ्ट किंवा एस्टीम हाताशी आहे, ती एकदा चेन्नईच्या नाहीतर कोइम्बतूरच्या ट्रॅकवर न्यायची आहे, पैसे बेताचे आहेत. तर इंजिनात काय काय करून घ्यावं?

उत्तरं भरपूर मिळतात. स्टेज वन, स्टेज टू अशी ट्यूनिंगची किट्स, बाहेरची थंड हवा आणणारा कोल्ड एअर इनटेक, कमी अडथळ्याचा फ्री-फ्लो सायलेन्सर, व्हॉल्व उघडणारा वेगळ्या आकाराचा कॅम. प्रत्येकापुढे ‘इतके हॉर्सपॉवर वाढतात’ असा आकडा. माझं म्हणणं असं, की ही निवड त्या आकड्याकडे बघून करूच नये. कोकणातून निघालेल्या गाडीला ट्रॅकपर्यंत अकराशेच्या आसपास किलोमीटर जायचं असतं, दिवसभर तिथे पळायचं असतं आणि तेवढंच अंतर परत यायचं असतं. ट्रकवर चढवून न्यायची म्हटलं तर भाड्यातच बजेट संपतं. म्हणून प्रत्येक बदलाला आधी हे विचारायचं: याने गाडी दिवसभर टिकेल का, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या वाटेला लागेल का? ताकदीचा विचार त्यानंतर.

## ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे

ट्रॅक डे म्हणजे बंद सर्किटवर पैसे भरून, हेल्मेट घालून, आयोजकांच्या नियमांत राहून स्वतःची गाडी जोरात चालवायचा दिवस. नंबर काढायचा नसतो, बक्षीस नसतं. पंधरा-वीस मिनिटांची सत्रं असतात, मध्ये विश्रांती असते.

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचं सर्किट आहे. कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचं, छोटं आणि वळणावळणाचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. पण कोकणातून ते फारच लांब. आंबा घाट, अणुस्कुरा किंवा आंबोली हा ट्रॅक नव्हे, हेही इथेच सांगतो. समोरून एसटी येते, कडेला दुकानं आहेत, माणसं आहेत. जोरात चालवायची हौस बंद सर्किटवरच भागवावी.

## इंजिनाची ताकद येते कुठून?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल जळतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं असतं, पंप आणि इंजेक्टर ते काम करतात. अवघड असतं ते हवा आत घेणं. म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे मुळात जास्त हवा आत घ्यायची, किंवा आत आलेल्या हवेतून जास्त काम काढायचं.

दोन शब्द समजून घेऊ. टॉर्क म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर. आरपीएम म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते. दोघांच्या गुणाकारातून हॉर्सपॉवर येते. स्विफ्टमधलं १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन घ्या. साडेचार हजार आरपीएमला साधारण ११३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेव्हा ताकद होते सत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर. सहा हजारला टॉर्क शंभरपर्यंत घसरलेला असतो, तरी फेरे वाढल्यामुळे ताकद ८५वर पोचते. शहरात आपण दोन-अडीच हजारात फिरतो. म्हणजे विकत घेतलेल्या ८५पैकी बरीचशी ताकद आपण कधी वापरतच नाही. ट्रॅकवर मात्र ती सगळी, पुन्हा पुन्हा, मागितली जाते.

आता हवेचा मार्ग बघा: फिल्टर, पाइप, थ्रॉटल, व्हॉल्व, सिलिंडर, परत व्हॉल्व, मॅनिफोल्ड, सायलेन्सर. पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी सोडलं की ते पाटाच्या सगळ्यात अरुंद जागेतून मावेल तेवढंच पुढे जातं. बाकीचा पाट हातभर रुंद केला तरी शेवटच्या पोफळीला थेंब वाढत नाही. बाजारातली बरीच किट्स पाटाचा रुंद भागच आणखी रुंद करतात. कंपनीचा फिल्टर ८५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला लागणारी हवा सहज देत असतो. अडतं ते व्हॉल्वपाशी आणि कॅमच्या आकारापाशी, आणि तिथे हात घालणं महाग आहे.

## कोकणची हवा आणि हॉर्सपॉवरचा हिशेब

किटच्या खोक्यावर ‘चार ते पाच हॉर्सपॉवर वाढ’ असं लिहिलेलं असतं. तेवढा फरक नुसती हवा पाडते.

हवा तीन अंश तापली की जवळपास एक टक्का विरळ होते. बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा तीस अंश गरम असेल, तर तीच ओढणाऱ्या इंजिनाचे नऊ-दहा टक्के गेले. दमटपणाचंही तसंच. मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावर ३२ अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता ही नेहमीची गोष्ट. अशा हवेत वाफेनेच सुमारे पावणेचार टक्के जागा अडवलेली असते, आणि वाफेत इंजिनाच्या कामाचा ऑक्सिजन नसतो. उलट समुद्रसपाटीचा फायदाही आपल्याला आहे. घाट चढून कोल्हापूरला गेलात की हवेचा दाब सहाएक टक्क्यांनी उतरतो आणि साध्या, म्हणजे बिनटर्बोच्या (हवा दाबून आत भरणारा पंखा नसलेल्या), इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच उतरते.

म्हणून डायनोचे, म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे जपून वाचावेत. आधीचं माप जानेवारीच्या सकाळी घेतलेलं आणि नंतरचं मे महिन्यात, किंवा एक घाटावर आणि एक किनाऱ्यावर, असं असेल तर त्या तुलनेतून काही कळत नाही. त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, तापमान आणि दाबाची दुरुस्ती धरून आधीचं आणि नंतरचं, दोन्ही कागद मागा. चांगला ट्यूनर ते स्वतःहून देतो.

## सगळ्यात आधी उष्णता

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण गाड्या ट्रॅकवर याच्यामुळेच बंद पडतात.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला कूलंट आणि ऑइलमध्ये शिरतो. हायवेवर ऐंशीच्या वेगाने जाताना लहान गाडीला पंधराएक हॉर्सपॉवर पुरतात. ट्रॅकवर लॅपचा, म्हणजे एका फेरीचा, मोठा भाग पाय तळाला टेकलेला असतो, म्हणजे रेडिएटरवर रस्त्यापेक्षा कितीतरी पट उष्णता येते. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याचं इंजिन तासन्‌तास भाराखाली चालतं, म्हणून तो आधी थंड करणाऱ्या पाण्याकडे बघतो. गाडीचं इंजिन मात्र तासन्‌तास तळाला पाय ठेवून चालवायचं म्हणून कंपनीने बनवलेलं नसतं.

सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करा. पाणी शंभर अंशांना उकळतं, पण दाबाखाली उशिरा उकळतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं तेव्हा साधं पाणीसुद्धा १२०च्या जवळ जाईपर्यंत उकळत नाही. कूलंटचं निम्मं-निम्मं मिश्रण त्याच्याही पुढे जातं. झाकणाचं रबर कडक झालं की हा दाब सुटतो आणि सगळा फायदा गेला. नवं झाकण काही शेकड्यांत येतं. इंजिनासाठी यापेक्षा फायद्याचा बदल मला माहीत नाही.

मग रेडिएटरची जाळी. किनाऱ्यावरच्या गाडीत टॉर्च मारून बघा. खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड आलेली असते आणि खालच्या बाजूला बोट लावलं की पात्यांचा चुरा होऊन हातात येतो. नळ्या शाबूत असतात, गळती नसते, रस्त्यावर तापमानाचा काटा वर जात नाही. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण उष्णता बाहेर टाकायचं काम पात्यांचं असतं. असा रेडिएटर ट्रॅकवर दुसऱ्याच सत्रात हार मानतो. तो बदला, कंपनीचाच घाला, आणि पंखा दोन्ही वेगांवर चालतो का ते तपासा.

ऑइलचं प्रकरण जास्त गंभीर आहे. लहान इंजिनात तीन-साडेतीन लिटर ऑइल असतं, ते खालच्या चेंबरमध्ये साचतं आणि एका जाळीतून पंप ते ओढतो. लांब वळणात चांगले टायर असलेली गाडी गुरुत्वाकर्षणाच्या आठ-नऊ दशांश एवढा बाजूचा जोर सोसते. चेंबरमधलं ऑइल तेव्हा जवळजवळ चाळीस अंशांत कलतं आणि एका भिंतीला जाऊन चिकटतं. जाळी उघडी पडली की पंप हवा ओढतो. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणाऱ्या बेअरिंगच्या शेलमध्ये ऑइलचा जो केसाहून बारीक थर असतो, तो त्या क्षणी नाहीसा होतो. असं इंजिन उघडल्यावर शेल हातात घेऊन बघा: वरचा रुपेरी थर ओरखडून गेलेला, कित्येक शेलांत खालचा तांबूस रंग दिसू लागलेला, आणि नख फिरवलं तर रेघा लागतात. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा यात मदत करत नाही, कारण दाब जवळपास संपल्यावरच तो लागतो.

उपाय स्वस्त आहेत. ट्रॅकवर उतरण्यापूर्वी ऑइल काडीच्या वरच्या खुणेपर्यंत भरलेलं हवं. कंपनीच्या पुस्तकात चालत असेल तर ३० ग्रेडऐवजी ४० ग्रेड घाला. डब्यावरचा दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा जाडपणा सांगतो. चेंबर काढून त्यात ऑइल पळू नये म्हणून आडव्या पट्ट्या वेल्ड करून घेता येतात. एमआयडीसीतल्या चांगल्या फॅब्रिकेटरला नमुना दाखवला तर तो करून देतो. फक्त वेल्डिंगचा कीस आत राहू देऊ नका. आणि ऑइलचा दाब व तापमान दाखवणारी दोन खरी घड्याळं बसवा. तापमान ११० ते १२० असेल तर ठीक. १३०च्या वर जाऊ लागलं तर वेग कमी करून एक लॅप सावकाश मारा आणि बाहेर या. वेगळा ऑइल कूलर लावायचा की नाही, ते या घड्याळावर बघून ठरवा.

ब्रेक इंजिनात येत नाहीत, तरी चार वाक्यं त्यांच्यासाठी सोडतो, कारण कोकणात ते फार लागू आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच हमी १५५ अंशांवर येते. आपल्याकडचे दोन पावसाळे बघितलेलं ब्रेक ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे पेडल फळीपर्यंत जाण्याची वाट बघणं. निघण्याच्या आठवड्यात ते बदला, आणि पॅडही नवे घाला.

## पण रीमॅपने थेट वीस-तीस टक्के वाढतात ना?

वाढतात, पण टर्बो इंजिनाचे. गाडीचा ईसीयू, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणारा छोटा संगणक, त्यातले तक्ते बदलण्याला रीमॅप म्हणतात. टर्बो इंजिनात ईसीयू टर्बोला ‘जास्त हवा कोंब’ असं सांगू शकतो, म्हणून फोक्सवॅगन पोलोच्या ११० हॉर्सपॉवरच्या १.० टीएसआयसारख्या इंजिनात फरक लगेच जाणवतो.

साध्या इंजिनात मात्र हवा वातावरणाच्या दाबाने जेवढी येईल तेवढीच. तक्ता बदलून ती वाढत नाही. ठिणगीची वेळ थोडी पुढे सरकवून, मिश्रण नीट करून चार-पाच टक्के निघतात. ८५च्या गाडीत चार हॉर्सपॉवर. गाडीतून पन्नास किलो वजन काढलं तर वेग घेण्यात तेवढाच फरक पडतो: चालकासकट हजारेक किलोच्या गाडीचे पाच टक्के. डिकीतलं सामान, टूलकिट, स्टेपनी, मागच्या सीटची गादी हे पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, उतरवून ठेवायचं आणि परतताना जागच्या जागी बसवायचं. वजन कमी झाल्याचा फायदा ब्रेकला आणि वळणालाही मिळतो. रीमॅप ते देत नाही.

टर्बोवाल्यांनी आणखी एक समजून घ्यावं. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, आणि इंटरकूलर तिला थंड करतो. मुळातच गरम, दमट हवेत दोन लॅप जोरात मारल्यावर इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. आत शिरणारी हवा गरम झाली की ईसीयू इंजिन वाचवायला ठिणगी मागे घेतो, आणि रीमॅपने दिलेली ताकद तिसऱ्या लॅपला परत जाते. हे गाडीच्या ओबीडी पोर्टला (तपासणीचं यंत्र जोडायच्या सॉकेटला) लावायच्या स्वस्त ब्लूटूथ रीडरवर फोनमध्ये स्वतः बघता येतं. म्हणून टर्बो गाडीत आधी इंटरकूलर, मग रीमॅप, असा क्रम मी सुचवतो. आणि क्लच. वाढलेला टॉर्क आधी क्लच प्लेटवर येतो.

## ओपन फिल्टर आणि मोठा सायलेन्सर?

उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. वरचा तीन अंशांचा हिशेब इथे लावा. शिवाय आपल्या जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं. यातलं काहीही सिलिंडरमध्ये जायला नको. कंपनीचा फिल्टर नवा घाला, त्याच्या डब्याला बाहेरची हवा आणणारा पाइप शाबूत आहे का ते बघा. बस.

सायलेन्सर बदलून आवाज वाढतो. साध्या लहान इंजिनात बाकी फार काही हाती लागत नाही.

## लेथवर हेड फेसिंग करून कॉम्प्रेशन वाढवलं तर?

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, घासून घ्यायचा हा सल्ला आपल्याकडे वारंवार मिळतो, कारण काम गावातच होतं. कॉम्प्रेशन रेशो म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. समजा १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, रेशो दहास एक. प्रत्येक सिलिंडर ३०० सीसी आणि वर उरणारी जागा ३३ सीसी. रेशो अकरावर न्यायचा तर ही जागा तीसवर आणावी लागते, म्हणजे हेडचा पाऊण मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भाग घासायचा. मिळतं काय? अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दोन हॉर्सपॉवर.

त्या बदल्यात व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात, हेड खाली आल्याने टायमिंग बेल्टचं किंवा चेनचं माप थोडं सरकतं, आणि नॉकिंगचा धोका वाढतो. नॉकिंग म्हणजे ठिणगीने पेटवलेली ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटणं. बाहेर खटखट ऐकू येते, आत पिस्टनची कड मोडते. हेड वाकलं असेल तर फेसिंग जरूर करा. दोन हॉर्सपॉवरसाठी करू नका.

कॅम बदलण्याबद्दल थोडक्यात: कॅम टॉर्क वरच्या आरपीएमला नेतो आणि खालचा कमी करतो. ट्रॅककडे जाताना घाट चढायचा आहे, तो खालच्याच टॉर्कवर.

## मग सरळ टर्बोच बसवला तर?

साध्या इंजिनावर टर्बो लावणं शक्य आहे, बजेटमध्ये शक्य नाही. मॅनिफोल्ड, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, नवा ईसीयू, ऑइलच्या नळ्या, क्लच, कॉम्प्रेशन कमी करायला दुसरे पिस्टन. यातलं एक काम अर्धवट राहिलं की इंजिन जातं. तेवढ्या पैशांत टर्बो घेऊनच कारखान्यातून निघालेली जुनी गाडी विकत घेणं शहाणपणाचं. तिचे पिस्टन, गिअरबॉक्स आणि कूलिंग तो दाब धरूनच बनवलेले असतात.

डिझेलचंही विचारलं जातं, कारण आपल्याकडे १.३ डिझेल स्विफ्ट घरोघरी आहे. ७५ हॉर्सपॉवर, १९० न्यूटन-मीटर, टर्बो असल्याने रीमॅपला छान दाद देते. पण पुढचा भाग जड, आरपीएमची पट्टी अरुंद, सारखे गिअर बदलावे लागतात आणि वळणात पुढचे टायर आधी हरतात. गाडी घरात असेल तर तीच घेऊन जा, शिकायला उत्तम आहे. ट्रॅकसाठी म्हणून विकत घेऊ नका.

## ई२० आणि महागडं पेट्रोल

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग सहन करण्याची क्षमता. त्यात जास्त ऊर्जा असते हा गैरसमज आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो. साधं पेट्रोल ९१चं, तर ई२० सुमारे ९५चं असल्याचं सरकार सांगतं. दुसरीकडे लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते, म्हणून ई२०मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के कमी भरते. मायलेज पडतं ते त्यामुळे.

ट्रॅकसाठी मुद्दा वेगळा आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावं लागतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू दुरुस्ती करतो. पाय तळाला गेला की जुन्या गाड्यांचा ईसीयू त्या सेन्सरचं ऐकत नाही. लिहून ठेवलेल्या तक्त्यावर आणि आधी शिकलेल्या दुरुस्तीवर चालतो. ती अपुरी पडली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. म्हणून २०२३च्या आधीची गाडी ट्रॅकवर नेताना जाणत्या ट्यूनरकडून पूर्ण थ्रॉटलचं, म्हणजे पाय तळाला असतानाचं, मिश्रण मोजून घ्यावं. रीमॅपवर पैसे घालायचेच असतील तर या कारणासाठी घाला, ते योग्य कारण आहे. रबरी इंधन नळ्या आणि त्यांच्या क्लिपा जुन्या असतील तर बदला. आणि ई२० भरलेली गाडी अर्ध्या टाकीवर पावसाळाभर उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात.

एक्सपी९५ किंवा एक्सपी१०० हे जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरल्याने साध्या इंजिनाची ताकद वाढेल का? ठिणगी पुढे नेण्याची सोय ईसीयूत नसेल तर नाही. टर्बो किंवा रीमॅप केलेल्या इंजिनाला मात्र ट्रॅकच्या दिवशी जरूर भरा. नॉकिंगपासून ते संरक्षण आहे.

## कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसरं इंजिन बसवणं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, हे सरळ यात येतात. वाटेत तीन राज्यांतून अकराशे किलोमीटर जायचं आहे हे विसरू नका. कूलंट, ऑइल, पॅड, ब्रेक ऑइल, नवा रेडिएटर यांना कोण हरकत घेणार?

विम्याची पॉलिसी काढून वाचा. ‘वापराच्या मर्यादा’ या भागात आयोजित शर्यती आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर पत्रा चेपला तर भरपाई मिळेल असं धरून चालू नका. गाडी दुरुस्त करण्याएवढे पैसे बाजूला ठेवूनच जा.

## गाडी निवडताना

बदलांपेक्षा मूळ इंजिन निरोगी असणं महत्त्वाचं. घेण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही सिलिंडरांच्या दाबात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. किनाऱ्यावरच्या गाडीत बॉनेट उघडून सस्पेन्शन वर जिथे बसतं ते पत्रे आणि दारांखालचे पट्टे गंजलेत का ते ठोकून बघा. रंगाखाली फुगवटा असेल तर ती गाडी ट्रॅकसाठी नको, इंजिन कितीही छान असो.

स्वस्तात मिळणारी गाडी पुरात उभी होती का, हेही तपासा. चिपळूणने जुलै २०२१मध्ये जे पाहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाची रेघ दिसेल. सिलिंडरमध्ये पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) किंचित वाकलेलं इंजिन रस्त्यावर वर्षानुवर्षं चालतं आणि ट्रॅकवर सहा हजार आरपीएमला तोच रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

एवढं सगळं करून पैसे उरले तर टायर घ्या, नाहीतर एखाद्या प्रशिक्षकाबरोबर एक सत्र. कोल्हापूरला गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिथे आधी जाऊन या; वळणात गाडी कुठल्या ओळीने न्यायची ते तिथे स्वस्तात शिकता येतं.

शेवटचं सत्र झाल्यावर एक लॅप सावकाश मारा, ब्रेक न दाबता, म्हणजे ऑइल आणि डिस्क निवतील. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका; तापलेले पॅड डिस्कला किंवा शू ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. रात्री मुक्काम करा. सकाळी थंड इंजिनावर ऑइल आणि कूलंटची पातळी, पॅडची जाडी, टायरचा दाब आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, काढलेली सीट आणि स्टेपनी परत बसवा, आणि मग निघा.